दाजींची आफ्रिकेतली दरखास्त

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस मांजरा नदीच्या दोन्ही काठांवर झाला नाही. आम्ही आफ्रिकेला गेलो त्या वर्षी नदीला पाणीच नव्हतं आणि मी या काठावरून त्या काठावर चप्पल न भिजवता जाऊन आले होते, म्हणून दोन्ही काठांचं मी खात्रीने लिहिते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आधी निलंग्याला आणि शिरूर अनंतपाळ तालुका झाल्यावर तिथल्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून ते लोकांचे अर्ज लिहून देत. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून त्यांना सगळं जगच अर्जासारखं दिसायचं. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं तर ते अक्काला तोंडाने बोलत नसत. ताटाशेजारी चिठ्ठी ठेवत, "विषय : भाजीत मीठ वाजवीपेक्षा जास्त पडल्याबाबत." अक्का त्या चिठ्ठीने चूल पेटवायची, मग ते स्मरणपत्र लिहायचे. माझ्या नवऱ्याने दुसरं घर केलं आणि मी गाठोडं घेऊन अक्काकडे आले, त्या दिवशी मला रडू आवरत नव्हतं. दाजींनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "मेहुणीबाई, रडण्याची नोंद होत न्हाई. लिही." मी चौथी शिकलेली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले : राहण्यास जागा मिळणेबाबत. खाली सही केली. त्यांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला, चष्मा लावून पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला, कोपऱ्यात "मंजूर" लिहिलं आणि अक्काला म्हणाले, "घे. आता कायदेशीर झालं. चहा टाक."

त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे जिल्हा. शिरूर अनंतपाळ तालुका झाला त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा होण्यासाठी दरखास्त लिहायला घेतली. लोक हसायचे. "दाजी, आपल्या गावात धड बसस्टँड न्हाई, अन् जिल्हा कशाला?" दाजी चिडायचे नाहीत. म्हणायचे, "लातूर काय आईच्या पोटातून जिल्हा म्हणून आलं व्हतं का? ते बी उस्मानाबादच्या मांडीवरूनच खाली उतरलंय." पाकिटावर ते स्वतःचा पत्ता लिहीत, जिल्हा शिरूर अनंतपाळ, आणि कंसात नियोजित. त्यामुळे त्यांना आलेली उत्तरं आधी पुण्याकडच्या शिरूरला जात, मग बीडकडच्या शिरूरला, आणि तिथली हवा खाऊन दोन महिन्यांनी आमच्याकडे येत. पासपोर्टच्या फॉर्मवरही त्यांनी तेच लिहिलं. फॉर्म परत आला. दुसऱ्या वेळी त्यांनी मोठ्या मनाने लिहिलं, "जिल्हा लातूर (तूर्त)." तोही परत आला. तिसऱ्या वेळी फॉर्म अक्काने भरून घेतला आणि दाजी दिवसभर जेवले नाहीत.

पासपोर्ट लागायचं कारण त्यांचा मुलगा बसू. तो आफ्रिकेत एका फार श्रीमंत आगगाडीवर डब्यांतली पाण्याची आणि विजेची व्यवस्था बघायच्या कामाला होता. ही गाडी खाली केप टाऊनपासून निघते आणि चार-पाच देश ओलांडून पंधरा दिवसांनी वर दार-ए-सलामला समुद्रावर पोचते. कुठे जायचंय म्हणून तिच्यात कोणी बसत नाही, नुसतं बसायचं म्हणून बसतात. नोकरीला बरीच वर्षं झालेल्या माणसाच्या घरच्या तिघांना, गाडी अर्धी रिकामी असेल तेव्हा, एक फेरी फुकट मिळत होती. आमच्याकडे तेव्हा लातूरला आगगाडीने पाणी आणायची वेळ आली होती आणि शिरूरला आठ दिवसांनी टँकर येत होता. बसूने फोन केला, आई, बाबा, मावशी, तिघंही या. आणि मग खरं पोटातलं बोलला. "बाबा, माझं घर दार-ए-सलामलाच हाय. दोन्ही टाइम नळ हाय. आता तुम्ही अन् आई माझ्याकडंच राहा. कागदं करतो. मावशीचे कागद व्हत न्हाईत, तिला परतीच्या विमानात बसवून देऊ."

दाजी म्हणाले, "गाडी शेवटच्या स्टेशनात लागली की सांगतो."

एवढंच. मी तिथेच ज्वारी निवडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी सुपातून मान वर केली नाही. पंधरा दिवसांनी माझं काय होणार ते एका गाडीच्या शेवटच्या स्टेशनावर ठरणार होतं, आणि मला त्याच गाडीत बसायचं होतं. विमानाला जायला औश्याच्या पुढे रेल्वे पकडली तेव्हा दाजी एवढंच बोलले, "पाणी रेल्वेनं येऊन राहिलं अन् आपण रेल्वेनं जाऊन राहिलो. सरकारचं काही कळत न्हाई."

त्या श्रीमंत गाडीचं वर्णन मला जमणार नाही. लाकडी भिंती, पितळी कड्या, पायाखाली मऊ सतरंज्या, आणि शेवटच्या डब्याला मागे उघडा सज्जा. अक्काला आणि मला एक खोली, दाजींना शेजारची. दाजी खोली बघून म्हणाले, "हितं आपलं तलाठी ऑफिस बसंल. तलाठी येत न्हाईच, तर त्याच जागेत दुसरं ऑफिस बी बसंल." मग त्यांनी न्हाणीचं दार उघडलं आणि आतून आवाज आला, "आगं ए! पळ, हिकडं ये!"

आम्ही धावलो. आत पांढरा शुभ्र टब होता आणि आमच्या डब्याची देखभाल करणाऱ्या ग्रेस नावाच्या उंच, हसऱ्या बाईने तो काठोकाठ गरम पाण्याने भरला होता. वर फेस. दाजी त्याच्याकडे कोणाचं तरी प्रेत बघावं तसे बघत होते. "कुणाचं हाय हे?" त्यांनी विचारलं. बसू म्हणाला, "तुमच्यासाठीच, बाबा. आत बसून आंघोळ करायची, मग बूच काढायचं." दाजींनी बूच काढू दिलं नाही. टबाच्या बाहेर पाट मागवून ते त्यावर बसले, टबातून दोन तांबे पाणी घेतलं, आंघोळ केली, आणि उरलेलं पाणी राखून ठेवलं. त्या एका टबावर त्यांनी चार दिवस काढले. त्यात धोतर धुतलं, त्या पाण्याने फरशी पुसली, आणि पुसलेलं बादलीत भरून, गाडी आडरानात थांबली की रुळाशेजारच्या झुडपाला घातलं. ग्रेसने पहिल्या दिवशी बूच काढायला हात घातला तर दाजी टबापुढे आडवे झाले. दुसऱ्या दिवशी तिने हसून मान हलवली. तिसऱ्या दिवशी तिने डोक्यावर घागर धरल्यासारखे हात केले, लांब कुठेतरी बोट दाखवलं आणि पाय दुखल्यासारखं तोंड केलं. तिच्याही गावाला लांबून पाणी आणत होते. त्यानंतर बादलीची एक बाजू ती धरायची आणि एक बाजू दाजी. केप टाऊनपासून वर ज्या काही बाभळी जगल्या असतील त्यांनी या दोघांचं नाव घ्यावं.

किंबर्ली म्हणून एका गावी सगळ्यांना उतरवून हिऱ्याची जुनी खाण दाखवली. डोंगर उलटा करून जमिनीत दाबावा एवढा खड्डा, आणि तळाला हिरवं पाणी. गाडीतले गोरे पाहुणे हिरे किती निघाले ते विचारत होते. दाजी कठड्यावरून वाकले, खडा टाकला, कान दिला, आणि बसूला म्हणाले, "पाणी किती परसावर, किती पुरुष खोल लागलं?"

"बाबा, इथं हिरे निघाले. माणसांनी हातानं खांदलंय हे."

"हिऱ्याचं ऱ्हाऊ दे रे. एवढं पाणी लागलंय अन् उतराया पायऱ्या न्हाईत? कोण हाय हितला ग्रामसेवक?"

रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी कोट आणि गळ्याला टाय लावलाच पाहिजे असा त्या गाडीचा नियम होता. दाजींकडे धोतर, काळा कोट आणि टोपी होती. टाय नव्हता. बसूने स्वतःचा देऊ केला तर म्हणाले, "दुसऱ्याच्या गळ्यातलं आपल्या गळ्यात घालू न्हाई." पेटीतून त्यांनी कागदांचे गठ्ठे बांधायची लाल फीत काढली आणि गळ्याशी तिची नीट फुली बांधली. जेवणाच्या डब्यात सगळ्यांनी वळून बघितलं. एका म्हाताऱ्या जर्मन न्यायाधीशाने उभं राहून मान लववली. तो माणूस आयुष्यभर अशाच फितींमध्ये राहिला असावा, त्याला ती ओळखीची वाटली. दाजींच्या ताटाभोवती सात चमचे मांडलेले होते. ते बघून ते हळूच म्हणाले, "पंचनाम्याला मुद्देमाल मांडल्यासारखं दिसून राहिलं," आणि सगळे बाजूला सारून हाताने जेवले.

पण सगळ्यात मोठी गंमत नंबराची झाली. आमच्याकडे टँकर यायच्या आधी कोणी उन्हात उभं राहत नाही. आपली घागर ओळीत ठेवायची आणि घरी जायचं. घागर नसली तर चप्पल, चप्पल नसली तर दगड. प्रत्येकाला दुसऱ्याचा दगड ओळखू येतो. आता, एवढ्या लोकांना एवढं जेवण दोन वेळा पुरेल यावर दाजींचा विश्वासच नव्हता. दुसऱ्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्यांनी जेवणाच्या डब्याच्या दाराशी आपला तांब्या ठेवला, मागे अक्काची चप्पल, त्यामागे माझी. खरं तर सगळ्यांच्या खुर्च्या आधीच ठरलेल्या होत्या. त्या ओळीची काही गरज नव्हती. एक गोरी म्हातारी बाई तिथून चालली होती. ती थबकली, तांब्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, आणि आपली हॅट काढून माझ्या चपलेमागे ठेवली. संध्याकाळपर्यंत हॅटमागे दुर्बीण, दुर्बिणीमागे चांदीची पावडरची डबी, मग एक जाडजूड पुस्तक, न्यायाधीशाची काठी आणि कोणाचे तरी दात, पेल्यात ठेवलेले. बसूने हे बघितलं आणि डोक्याला हात लावला. "बाबा, माझी नोकरी जाईल." पण पाहुणे खूश होते. ज्यांना जन्मात कधी रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं त्यांना नंबर लावायची फार हौस आली. पाचव्या दिवशी तर भांडण झालं. न्यायाधीशाचं म्हणणं होतं की त्याच्या काठीच्या पुढे कोणीतरी शाल सरकवली. शालीची मालकीण त्याचीच बायको होती. दाजींना बोलावणं गेलं. त्यांनी जागेची पाहणी केली, सतरंजीवर काठीचा वळ बघितला आणि निकाल दिला, "शाल मागं. बायको असंल तर घरी. नंबर तोडायचा न्हाई." बसूने भीत भीत इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशाने टाळ्या वाजवल्या. बायको नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण दाजींना रोज गुड मॉर्निंग करायची.

एवढा मान मिळाल्यावर दाजी संधी सोडतील? त्यांनी दरखास्त बाहेर काढली. शिरूर अनंतपाळ जिल्हा झालाच पाहिजे, या मजकुराखाली त्यांनी त्या डब्यातल्या एकूण एक माणसाची सही घेतली. बिचाऱ्यांना वाटलं, एखादं जंगल वाचवायचं असेल. न्यायाधीशाने मात्र बसूकडून सगळा मजकूर समजून घेतला, नकाशा मागितला, आणि एकच प्रश्न विचारला, "लातूरची हरकत आहे का?" दाजी म्हणाले, "त्याला म्हणावं, तू खरा न्यायाधीश हायेस."

मी हे सगळं बघून पोटभर हसले, खोटं कशाला लिहू. पण हसून झालं की मी गाडीचा हिशोब करत बसायचे, किती दिवस उरले त्याचा. अक्का माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. सज्ज्यात उभं राहिलं की मागे रूळ एकत्र येत येत मिटून जायचे, आणि मला शिरूरचं घर दिसायचं, अंगणात मी एकटी, टँकरचा भोंगा वाजतोय आणि ओळीत माझ्या चपलेपुढे अक्काची चप्पल नाही. विचारायचं तर कोणाला? आपल्या पोटच्या लेकाकडे राहू नका, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मग वाटेतला तो जगात गाजलेला मोठा धबधबा आला. गाव यायच्या आधीच आभाळात धुरासारखे पाण्याचे लोट दिसत होते. आम्हाला रेनकोट दिले. दाजींनी घातला नाही. ते कड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले, कोट, टोपी, धोतर सगळं चिंब. नदीच्या नदी खाली कोसळत होती आणि जमीन पायाखाली थरथरत होती. पाहुणे ओरडत होते, फोटो काढत होते. दाजींनी टोपी काढून हातात घेतली. मग अक्काला म्हणाले, "सांडून राहिलंय गं. समदं सांडून राहिलंय."

तिथेच दगडावर बसून त्यांनी ओल्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहिला. मा. कार्यकारी अभियंता यांस, विषय : सदर पाणी विनाकारण वाया जात असल्याबाबत व ते मांजरेत सोडणेबाबत. अर्ज कोणाला द्यायचा ते बसूला सांगता येईना, म्हणून त्याने तिकिटाची खिडकी दाखवली. खिडकीतल्या मुलीने कागद उलटासुलटा बघितला आणि ठेवून घेतला. दाजी हलेनात. "पोच द्या म्हणावं. पोच घेतल्याबिगर अर्ज देऊ न्हाई." मुलीने तिच्याकडचा एकुलता एक शिक्का दुसऱ्या प्रतीवर मारला. ओल्या कागदावर शाई पसरली, त्यामुळे त्यावर काय लिहिलं होतं ते आम्हाला आजही माहीत नाही, बहुतेक 'प्रवेश' असावा. त्या दिवशी संध्याकाळी दाजी जेवायला आले नाहीत. अक्का त्यांच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बसली. भिंतीपलीकडून दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. दाजी हळू बोलतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढचे दिवस मी धड मोजलेही नाहीत. गाडी डोंगर उतरायला लागली, बोगद्यामागून बोगदा आला, आणि एका दुपारी दार-ए-सलामचं स्टेशन लागलं. पाहुण्यांनी दाजींना मिठ्या मारल्या. ग्रेस बादली घेऊन आली आणि तिने ती त्यांना देऊनच टाकली. फलाटावर बसूची बायको हार घेऊन उभी होती. बसू म्हणाला, "बाबा, लागलं शेवटचं स्टेशन. सांगा आता."

दाजींनी इकडे तिकडे बघितलं. "तहसील कुठंय हितं?"

"तहसील कशाला पायजे तुम्हाला?"

"मग मी बसू कुठं? अन् समुद्र दावला तू मला केप टाऊनला, एवढा मोठा. खारा निघाला. न्हाई बाबा, मला दरखास्त घेऊन कलेक्टरकडं जायाचंय. एवढ्या देशांच्या सह्या हायेत."

"पोस्टानं पाठवू की!"

"पोस्टानं गेलेलं कागद पुण्याच्या शिरूरला जातंय."

बसूचा आवाज चढला. "बाबा, तुम्ही तिथं घागरी घेऊन पळणार, अन् मी हितं तोंड कसं दाखवू? आई, तू तरी सांग की!" अक्काने सुनेच्या हातातला हार घेतला, स्वतःच दाजींच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "माझं काय सांगणं? त्येंच्याच नंबरामागं माझी चप्पल हाय." बसूचे डोळे भरले. मला त्याचं फार वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर त्याच क्षणी मी मनात शिरूरच्या घराचं दार उघडलं, याची लाजही वाटली.

एका जिल्ह्यापायी माणूस पोटच्या लेकाचं घर सोडतो, याचं मला विमानात बसेपर्यंत नवल वाटत होतं. दाजी खिडकीपाशी घोरत होते, बादली मांडीवर. अक्का मध्ये बसली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "जिल्हाबिल्हा काही न्हाई गं. धबधब्याच्या दिवशी मला म्हणले, जो मागतो त्येचा अर्ज मी लिहून देऊ शकतो. तुझी बहीण मागतच न्हाई. तिचं कसं करावं?" मग अक्का म्हणाली, "मी म्हणलं, लेक काय, तिथं सुखात हाय. घरी जाऊ." अक्काने माझा हात घेतला आणि तीही झोपून गेली.

शिरूरला पोचलो तेव्हा भर दुपार होती. कट्ट्यावरच्यांनी विचारलं, "दाजी, आफ्रिका कशी हाय?" दाजी म्हणाले, "बरी हाय. जिल्हा व्हण्यालायक हाय." घरात महिनाभराची धूळ आणि रांजण कोरडा ठणठणीत. तेवढ्यात मारुतीच्या पारापाशी टँकरचा भोंगा वाजला. मी सवयीने पदर खोचला आणि घागर उचलली. दाजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. अंगावर तोच काळा कोट होता, गळ्यात सुकलेला हार.

"दाजी, मी जाते," मी म्हटलं.

"तू बस," ते म्हणाले आणि उन्हात निघाले.

दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. अक्का सहा महिने बसूकडे असते, सहा महिने इथे. बसू आता मलाही बोलावतो, म्हणतो, मावशी, तुझे पण कागद करू. मी नंतर बघू म्हणते. दुपारी दाराशी येऊन टेकते, दाजी घागर घेऊन गेले त्या रस्त्याकडे बघते, आणि बसून राहते.